धावजीची बॅटरी

महागावात तेव्हा रात्री आठला लाइट जायची. त्या दिवशी गेली, तसे मी आणि माझा मावसभाऊ अनिमेष शेजारच्या वामनकाकांच्या ओट्यावर जाऊन बसलो. काका तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या गाळ्यात रामधन गाड्यांचं वायरिंग करायचा, बॅटऱ्या चार्ज करायचा. त्याच उन्हाळ्यात त्यानं दुकान बंद केलं होतं.

"काहून बंद केलं, काका?" अनिमेषनं विचारलं.

"थकला तो. ऐक, पण मधात बोलू नको."

काकांनी सांगितलं ते असं.

अठरा डिसेंबर, दोन हजार सहा. सांजेला तांड्यावरचा धावजी जीपची बॅटरी घेऊन आला. अख्ख्या तांड्यात ती एकच गाडी. तिच्या टपावर चार दिवे आणि आत टेप रामधननंच बसवून दिला होता.

"पुरी भरून दे, भाऊ. शामच्या बायकोचे दिवस भरले. रात्री कधी निघा लागन, सांगता येत नाही."

शाम म्हणजे धावजीचा धाकटा भाऊ, त्याची बायको पुष्पा.

रामधन म्हणायचा, बॅटरी उपाशी माणसासारखी असते. आधी पोटभर जेवण, चार्जरचा काटा दहावर. मग घास घास, काटा पाचवर. शेवटी घोट घोट पाणी, काटा एकवर. तेव्हा कुठे ती भरते.

पण त्या दिवशी रांगेत अकरा बॅटऱ्या होत्या, आणि चार रात्री त्याला झोप नव्हती. पहिलं जेवण झालं न झालं, त्यानं मीटर लावला. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी मीटर भरलेलीच दाखवतो. रामधनला हे माहीत होतं. तरी तो म्हणाला, "झाली. घेऊन जा."

धावजी हसला. "माही बुढी माय भाकर वाढते, त्याच्याहून लवकर झालं हे तं!"

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी शटर वाजलं. रामधन दुकानातच झोपायचा. त्यानं कंदील लावला आणि शटर वर केलं.

बाहेर धावजी. खांद्यावर बॅटरी.

"बंद पडली?"

"नाल्याच्या रेतीत. दिवे चालू होते..." तो थांबला. "पुष्पा गाडीतच आहे. आता अर्धी नको देऊ. पुरी भर. मी बसतो."

रामधननं मान खाली घातली आणि चिमटे लावले. काटा दहावर गेला. धावजी मागे स्टुलावर बसला. रामधननं काट्यावरून नजर काढली नाही.

तीननंतर काटा पाचवर आला.

साडेचारला एकवर.

मग रामधनचं लक्ष कंदिलाकडे गेलं.

कंदील आपण काहून लावला?

लाइट नव्हती म्हणून. बारापासून नव्हती...

त्यानं मागे पाहिलं.

स्टूल रिकामं.

उजाडताना शाम धापा टाकत आला. "भाऊ, दादा रस्त्याच्या मोडावर पडून आहे. इकडे येताना ट्रकनं उडवलं वाटते. थंडा पडला... अंगावर दव साचलं. खांद्यावर ॲसिडचे डाग आहेत, अन् बॅटरी..."

त्याला बाकावरची बॅटरी दिसली.

दोघांनी ती सायकलवर नाल्यापर्यंत नेली. धावजीची आई सुखीबाई रात्रभर पुष्पाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जीप पहिल्याच किल्लीला चालू झाली. पुष्पा वाचली. पोरगीही वाचली.

दवाखान्याच्या वाटेत सुखीबाईनं एकदाच विचारलं, "धावजी काहून नाही आला?"



मग काका उठले आणि आम्हाला गाळ्यात घेऊन गेले. कोपऱ्यात रामधनचा चार्जर होता. काकांनी त्याच्यावरचं पोतं उचललं. वायर गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती. गावात लाइट अजून आली नव्हती.

अनिमेषनं टॉर्च धरला.

काटा एकवर होता.