लाल शाई

घाईचं गिऱ्हाईक आलं की प्रिंटरला बराबर कळतं, असं तीर्थपुरीत कुणीही शपथेवर सांगेल. सोमेश्वर मात्र हसायचा. त्याचं फोटोचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. रस्त्याचा फुफाटा, सर्द झालेला कागद, केसाहून बारीक छिद्रांत वाळलेली स्वस्तातली शाई; यंत्र रुसतं ते एवढ्यानंच, त्याला काही कळत-बिळत नाही, असं त्याचं ठाम म्हणणं.

त्या दिवशी घाई त्याचीच होती. दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न, आणि तेही दैवशालाशी, म्हणजे थोरल्या भावाच्या विधवेशी. रामप्रसाद ट्रॅक्टरखाली सापडून गेला, त्याला अग्नी सोमेश्वरनंच दिलेला. पुढं घरच्यांनी मिळून हे जुळवलं. सोमेश्वरला ते मनातून हवंच होतं. कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच. आता नोंदणीसाठी फोटो हवे होते.

"वहिनी, हनुवटी जराशी वर करा."

"उद्या कुंकू लावणार अन् आज वहिनी म्हणून राह्यलास," दारात बसलेली त्याची आई, कौसल्याबाई, म्हणाली.

दैवशाला हसली नाही.

प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला. फोटोत दैवशालाच्या कपाळावर कुंकू होतं, डाव्या अंगाला सरकलेलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तर कपाळ मोकळं होतं.

"आई, दसऱ्याला यंत्रावर मूठभर कुंकू वाहिलं तू. तेच आत गेलं."

"मंग? पोटाला घालतं त्याला पुजायचं न्हाई का?"

त्यानं झाकण उघडून रूळ ओल्या फडक्यानं पुसले. फडक्याला नुसती धूळ आली. पारख म्हणून त्यानं आईचाच फोटो छापला. तीही विधवाच. तिचं कपाळ स्वच्छ आलं.

"तुझं यंत्र बी तुझ्यावानीच. माणूस पाहून वागतं," म्हातारी म्हणाली आणि भाकरी टाकायला घरी गेली.

सोमेश्वरनं दैवशालाचा फोटो रंग काढून छापला. लुगडं करडं, केस करडे, मागची भिंत करडी. कुंकू लाल. मघापेक्षा थोडं मधे सरकलेलं.

त्यानं अंगठ्यानं पुसून पाहिलं. ते निघालं. अंगठ्याला शाई नव्हती, कोरडी पूड होती.

मग त्यानं लाल शाईची डबीच काढून टेबलावर ठेवली. डबी नसली की हे यंत्र जागचं हलत नसे.

ते हललं.

कागद सावकाश बाहेर आला. त्यावर कुंकू होतं.

"यंत्र बिघडलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पटला नाही.

दैवशालानं पहिला फोटो उचलला, मग हा शेवटचा. दोन्ही उजेडाला धरून तिनं बराच वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नवल असं काहीच नव्हतं.

"उद्याचं राहू द्या, भावजी."

"काऊन?"

तिनं पहिला फोटो पुढं केला.

"रोज तेच लावायचे. गेल्यापासून त्यांच्या हाताची सवय मोडल्ती. म्हणून हे वाकडं लागलं." मग शेवटचा फोटो तिनं जपून पदराखाली घेतला. "आता बघा, बराबर मधोमध लावलंय."