तो आला तर काय सांगू?

"वन्सं, आता तुम्हीच सांगा ह्यांना सही करायला!" वहिनीने कागद टेबलावर असा आपटला की कपातला चहा बशीत सांडला... आणि ताईने कागद ओढून वाचला!

तुरुंगातून सुटून तिला आठच दिवस झाले होते. कागदावर लिहिलं होतं की या बाईशी आमचा काही संबंध नाही, ती आमच्या घरात राहत नाही, तिची श्रद्धा आम्हाला मान्य नाही. खाली तिच्या धाकट्या भावाची सही हवी होती, नाहीतर उद्यापासून त्याची शिक्षकाची नोकरी बंद! शाळेचे कारकून तो कागद न्यायला बाहेरच्या खोलीत येऊन बसलेसुद्धा होते.

"तीन वर्षं लोकांची बोलणी खाल्ली आम्ही!" वहिनीचा कुकर एकदा तापला की शिट्ट्या झाल्याशिवाय थांबायचा नाही. "प्रार्थनेला येणाऱ्यांची नावं म्हणे वहीत लिहायची! एवढी कसली हौस होती तुम्हाला?"

ताईने बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला. ती वही तिची नव्हतीच! तिच्या शिवणाच्या खोलीत दर रविवारी बंदी असतानाही पाच-सहा माणसं लपूनछपून ख्रिस्ताची प्रार्थना करायला जमत, आणि कोण आजारी, कुणासाठी काय मागायचं, हे सगळं नावानिशी टिपून ठेवायचा तो धाकटा! प्रार्थनेत कुणाचं नाव राहून जाऊ नये म्हणून... वेडा कुठला! "वही कुणाची?" असं अधिकाऱ्यांनी दरडावलं तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. ताईने क्षणाचाही विलंब न लावता "माझी" म्हणून टाकलं. आई गेल्यावर धाकट्याचा हात धरून तिनेच त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती, त्यामुळे दोघांची अक्षरं जुळ्या भावंडांसारखी. कुणाला संशयही आला नाही!

त्या कोंदट कोठडीत एकाच आशेने तिला जगवलं. येशू परत येणार! दाराची कडी वाजली की तिला वाटे, आलाच... आणि आत सरकायची जेवणाची थाळी! तिचं तिलाच हसू येई.

"सही कर रे, छोट्या," ती शक्य तितक्या सहजपणे म्हणाली. "कागदाने का कुठे रक्त बदलतं? मी जाते. शिवणकाम काय, कुठेही मिळेल." खरं तर तिची बोटं इतकी आखडली होती की सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता...

धाकट्याने पेन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

"ताई, तू तिथे त्याची वाट पाहायचीस ना?"

"रोज."

"आणि मी रोज घाबरायचो गं! तो आला तर पहिल्यांदा विचारेल, तुझी बहीण कुठे आहे? काय सांगू मी? प्रार्थनाच सोडली मी, ताई. वाटायचं, तो येऊ नये... येऊच नये!"

"अहो, काय बोलताय हे?" वहिनी चक्रावली.

"वही माझी होती."

वहिनी ताईच्या पायाशी येऊन बसली. "वन्सं... मी तुम्हाला काय काय बोलले! आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"तुझ्या पोटात बाळ होतं गं." आणि ताई धाकट्यावर ओरडली, "गप्प बस! माझी तीन वर्षं पाण्यात घालवतोस?"

पण तो सही न केलेला कागद घेऊन बाहेर गेला होता. दारातून त्याचा आवाज आला, "ती माझी ताई आहे. इथेच राहते. आणि ती वही माझी होती, हेही साहेबांना सांगा."

"मास्तर, विचार करा हो..." कारकून कळवळून म्हणाले.

"तीन वर्षं तेच केलं!"

कारकुनांची पावलं जिना उतरून गेली. वहिनीने ताईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि तिला हुंदका अनावर झाला.

"आता ह्यांना नेतील हो! वन्सं, तुमचा तो... खरंच येणार आहे का?"

"येणार."

"पण कधी?"

"ते सांगितलं असतं तर आदल्या दिवशी घर झाडून मोकळ्या झालो असतो की!"

रडतारडता वहिनीला हसू फुटलं, आणि हसताहसता ती पुन्हा रडू लागली. धाकटा आत आला, दोघींशेजारी जमिनीवर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्याने हात जोडले, तीन वर्षांनी पहिल्यांदा!

"ये," तो एवढंच म्हणाला. "आता ये..."