अज्ञाताचा वाटा

तेरणानगरच्या निवासवेध संस्थेत तळमजल्यावर एक लांबलचक खोली आहे. तिच्या एका भिंतीवर सगळं शहर उजळलेलं असतं. तीस लाख माणसं, एकशे बारा वसाहती, आणि प्रत्येक वसाहतीला एक रंग. हिरवा म्हणजे इथे माणूस निरोगी जगतो, तांबडा म्हणजे झिजतो, आणि करडा म्हणजे अजून माहीत नाही. डॉ. निरंजना बेहेरे पहिल्या दिवशी कामावर आली ती खांद्यावरची पर्सही न उतरवता त्या भिंतीसमोर उभी राहिली. पाच वर्षं पुण्यात बसून तिने या नकाशाचं गणित लिहिलं होतं, पण नकाशा असा समोरासमोर कधी पाहिला नव्हता.

"करडा केवढा कमी झालाय!" ती म्हणाली.

"तुझीच कृपा," डॉ. केळुसकर म्हणाले. ते संस्थेचे संचालक, मूळचे फुफ्फुसांचे डॉक्टर. गणितात कच्चे आणि ते मोकळेपणी कबूल करणारे. "पण उद्या समितीपुढे हे मला समजावून सांगायचंय. तेव्हा एकदा शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांग बघू."

निरंजनाला शिकवायला आवडायचं. "समजा, तुम्ही नव्या गावी बदलून आलात. पहिल्याच दिवशी एका खानावळीत बरं जेवण मिळालं. रोज तिथेच जेवलात तर पोट बिघडणार नाही. पण गावात याहून चांगली खानावळ आहे का, हे जन्मात कळणार नाही. म्हणून मधूनच एखाद्या दिवशी अनोळखी ठिकाणी जेवायचं. नकाशाचंही तसंच. नव्याने येणाऱ्या दोनशे कुटुंबांपैकी एकशे नव्व्याण्णवांना तो आपल्या माहितीतलं उत्तम घर सुचवतो. उरलेल्या एकाला, जिथलं माहीत नाही तिथे पाठवतो. हा अज्ञाताचा वाटा."

"आणि त्या एकाला हे ठाऊक नसतं."

"ठाऊक असलं तर तो जाईल का? म्हणून घरं सुचवणाऱ्या त्याच्या घरपत्रिकेवर गुण वाढवून दाखवायचे; जितकं कमी माहीत, तितके जास्त. जिथे धोका आहे हे माहीत आहे, तिथे कुणालाच पाठवत नाही आपण. फक्त जिथलं माहीतच नाही तिथे."

"आणि आधी हे चिठ्ठ्या टाकून व्हायचं, ते तू बंद केलंस."

"चिठ्ठीत दहातली नऊ कुटुंबं वाया जायची. ज्यांच्यापासून नवं काही शिकता येत नाही अशी. आता नकाशा स्वतःच निवडतो. यादी मात्र तीन वर्षं बंद, मलासुद्धा दिसत नाही. आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही सूट नाही. ते कलम मीच घातलं. एकदा वशिला शिरला की नकाशा खोटा पडायला वेळ लागत नाही."

हे सांगताना तिची मान ताठ होती. आपल्याकडे वशिल्याचं दार बंद करणाऱ्या माणसाला असा अभिमान वाटणारच, आणि तो फुकाचा नव्हता.

संस्थेच्या अतिथिगृहात तिचा नवरा सुहास आणि सात वर्षांची मुक्ता थांबले होते. आठ दिवसांत घर शोधायचं होतं. सुहास शाळेत चित्रकला शिकवायचा. नोकरी सोडून बायकोच्या मागे आला होता आणि त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. त्याचं एकच मागणं होतं, मुक्ताला मानवेल अशी हवा. मुक्ताच्या रक्तात फुफ्फुसांना जपणारं एक प्रथिन जन्मापासूनच फार कमी होतं. इतरांना धुळीने खोकला यायचा. तिची फुफ्फुसं त्याच धुळीने झिजली असती, आणि झिजलेलं परत भरून येत नाही. सगळ्या तेरणानगरात असं दुसरं एकही मूल नव्हतं. सुहास तिला डोळ्यांत तेल घालून जपायचा.

तिसऱ्या दिवशी घरपत्रिका आली. प्रचारखात्यातल्या कुणा चतुर माणसाने घराचे गुण छत्तीसपैकी द्यायचं ठरवलं होतं आणि लोकांनी ते असं उचललं, की आता पत्रिका पाहिल्याशिवाय घरमालक किल्ली देत नसत. बेहेरे कुटुंबाच्या पत्रिकेत पारिजात टेकडीला तेहतीस गुण होते. जुन्या गवळीवाड्याला एकवीस.

सुहासने दोन्हीकडे मुक्ताला नेऊन आणलं आणि संध्याकाळी तो चपला काढता काढताच म्हणाला, "मला गवळीवाडा बरा वाटतो."

"तिथे? भाजीबाजाराच्या मागे?"

"गजबज आहे, मान्य. पण घराघरांतून दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेत. पांढरे सदरे, लंगोट, चादरी. म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली. टेकडीवर सगळं चकाचक आहे, पण एका गच्चीत दोरी नाही गं. एकाही. एका बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, आम्ही आतच वाळवतो, बाहेर कपडे करडे पडतात."

टेकडीसमोर दरीपलीकडे जुन्या बॅटऱ्यांमधून धातू परत काढणारे कारखाने होते, आणि संध्याकाळी वारा तिकडून यायचा. निरंजनाला हे माहीत होतं. टेकडीवरच्या चार हजार माणसांच्या श्वासाच्या नोंदीही माहीत होत्या. सगळ्या ठणठणीत.

"सुहास, दोरी नसणं हा पुरावा नव्हे. चार हजार माणसांचे श्वास हा पुरावा."

"आणि मुक्ताचा?"

"तिचे कागद नकाशाला दिलेत ना आपण. ते धरूनच तेहतीस आलेत."

अज्ञाताच्या वाट्याबद्दल ती त्याला बोलली नाही. ते गुपित होतं आणि तशी तिने सही केली होती. मनातल्या मनात मात्र तिने हिशेब घातला. दोनशेत एक. एवढा धोका तर रस्ता ओलांडतानाही असतो, असं तिने स्वतःला समजावलं. सुहासने हात टेकले. घरातल्या शहाण्या माणसापुढे आपण उगाच दोऱ्या मोजतोय असं त्याला वाटलं असावं.

टेकडीवरचं घर सुंदर होतं. प्रत्येक घरात असतो तसा भिंतीवर श्वासमापक होता. दर रविवारी सकाळी घरातल्या प्रत्येकाने त्याच्या नळीत जोराने फुंकायचं, मग एक गोड बायकी आवाज म्हणायचा, "आभारी आहोत. तुमचा श्वास शहराच्या कामी आला." मुक्ताला ते फार आवडायचं. ती त्या आवाजाला 'श्वासमावशी' म्हणायची आणि फुंकून झाल्यावर "अहो, त्यात काय!" असं मोठ्या माणसासारखं उत्तर द्यायची.

पहिल्या वर्षी ती नुसती खोकली. दुसऱ्या वर्षी जिना चढताना मध्ये बसायला लागली. डॉक्टरांनी औषध बदललं, मग पुन्हा बदललं. निरंजना आकडे पाहायची आणि म्हणायची, हा आजारच असा आहे, कुठेही असतो तरी हे झालंच असतं. एकदा सुहासने पांढरा रुमाल दिवसभर गच्चीत अडकवला आणि संध्याकाळी तो तिच्या टेबलावर आणून ठेवला. तिने तो धुवायला टाकला.

अठ्ठावीस महिने झाले, तेव्हा संस्थेचा वार्षिक अहवाल छापायला जायचा होता आणि शेवटचा मसुदा तपासायला निरंजनाकडे आला. 'नकाशा या वर्षी काय शिकला' हे तिचं आवडतं प्रकरण. ती पेन्सिल घेऊन वाचत होती. चोविसाव्या पानावर एक ओळ होती.

'पारिजात टेकडी. संरक्षक प्रथिन जन्मतः कमी असलेली बालके: धोका तीव्र. खात्री: उच्च. नोंदी: एक बालक, अठ्ठावीस महिने.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली, आणि मग जे तिला अठ्ठावीस महिन्यांपूर्वी दिसायला हवं होतं ते एका क्षणात दिसलं.

दोनशेत एक ही सरासरी होती, चिठ्ठ्यांच्या काळातली समज. चिठ्ठ्या तिनेच बंद केल्या होत्या. आता नकाशा निवडायचा, आणि ज्याच्यापासून सर्वांत जास्त शिकता येईल त्यालाच निवडायचा. आणि कुणापासून जास्त शिकता येतं? ज्याच्यासारखं दुसरं कुणीच नाही, त्याच्यापासून. मुक्तासाठी तो धोका दोनशेत एक कधीच नव्हता. ज्या दिवशी तिचे कागद नकाशात गेले, त्याच दिवशी तिचं नाव बंद यादीत सगळ्यात वर बसलं होतं. यादी उघडून पाहायची गरजच नव्हती. ते दीड ओळीचं गणित निरंजनाला पाठ होतं.

ती मसुदा घेऊन केळुसकरांच्या खोलीत गेली. त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला आणि पुसला.

"नकाशात बिघाड नाही ना?" त्यांनी विचारलं. तो असावा अशी त्यांना आशा होती.

"नाही. सांगितलं तसंच वागलाय."

"निरंजना, मी डॉक्टर आहे. त्या पोरीला मी दर दिवाळीला पाहतो. मला एकदा तरी वाटायला हवं होतं..." "दुसरं घर माग. आजच्या आज. आता टेकडी नाही, हे तर नकाशाला कळलंय."

"टेकडी नाही, एवढंच कळलंय. बाकी एकशे अकरा वसाहतींचं काय?"

"म्हणजे?"

"अशी दुसरी पोर अजून या शहरात नाही, सर. तिच्यासारख्यांसाठी नकाशाला अजूनही एकशे अकरा ठिकाणं करडी आहेत. तो पुन्हा तिलाच निवडणार. दरवेळी तिलाच."

"मग तिला वाट्यातून काढू. मी संचालक आहे."

"नाही काढता येत. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सूट नाही." ती हसली, आणि ते हसू पाहून केळुसकरांनी नजर वळवली. "आणि काढलंत तरी मी काय विचारू त्याला? तिच्यासाठी चांगलं घर कुठलं, हे त्याला खरंच माहीत नाही. खोटं न बोलता तो फक्त 'माहीत नाही' म्हणू शकतो. आणि ते म्हणायची मुभा मी त्याला दिलेली नाही."

तरीही तिने अर्ज केला. का केला, ते तिला सांगता आलं नसतं. पत्रिका रविवारी सकाळी आली आणि ती सुहासच्या हाती पडली.

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "निरंजना, हे बघ! रेणुका तळं. पस्तीस! छत्तीसपैकी पस्तीस गं! मी मागे दोऱ्यांचं काहीबाही बोललो ते सोडून दे. या वेळी तू म्हणशील तिथे जाऊ. उद्याच जाऊ." त्याने डोळे पुसले. "मला वाटलं होतं, आता काही मार्गच उरला नाही."

निरंजनाने गॅस बंद केला. दूध उतू जायच्या बेतात होतं. पस्तीस. तेहतीसपेक्षा दोन जास्त, म्हणजे त्या तळ्याकाठचं नकाशाला टेकडीपेक्षाही कमी ठाऊक होतं.

"सुहास, खाली बस," ती म्हणाली. "तुला एक सांगायचंय. आपण इथे आलो तेव्हाच सांगायला हवं होतं."

तिने सगळं सांगितलं. खानावळीचं उदाहरण न देता, सरळ सांगितलं. पत्रिका त्याच्या हातात होती. तिची त्याने आधी दोन बोटांनी घडी घातली, मग ती घडी पुन्हा उघडली.

"तू म्हणाली होतीस, दोरी नसणं हा पुरावा नव्हे," शेवटी तो एवढंच म्हणाला.

तो उठला, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि दारात थांबला. "मुक्ताला घेऊन मी गवळीवाड्यात जातो. घर मिळेपर्यंत तिथल्या ओट्यावर बसेन. तिथलं तुझ्या नकाशाला माहीत आहे का नाही, मला सांगू नकोस."

"नाही माहीत," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत मुक्ता स्टुलावर चढली होती. रविवार होता आणि तिला कुणी आठवण करून द्यावी लागत नसे. तिने नळी तोंडाशी धरली, खांदे वर उचलून श्वास घेतला आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून फुंकलं. फुंकर अर्ध्यातच तुटली. ती भिंतीला धरून धापा टाकत उभी राहिली, आणि श्वासमावशी गोड आवाजात म्हणाली, "आभारी आहोत. तुमचा श्वास शहराच्या कामी आला."

"अहो..." मुक्ता म्हणाली. बाकीचे दोन शब्द बोलायला तिला दम पुरला नाही.