आकडा सांगून गप्प बसायचं

हॉटेलच्या मागच्या दाराशी ती पोचली तेव्हा पाऊस थांबला होता, पण थांबायच्या आधी त्याने तिला चांगलं धुऊन काढलं होतं. पाठीला गिटार, एका हातात छोटा अ‍ॅम्प्लिफायर, दुसऱ्या हातात पाय टेकवायचं बुटकं स्टूल, आणि चपलांमधून पचपच पाणी. दारावरच्या रखवालदाराने वही उघडली. मागच्या दाराने आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची त्या वहीत नोंद व्हायची.

"गिटार, नग एक," तो लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला. "पेटी, नग एक. आणखी काय?"

"आणखी मी."

"त्यापण एकच नग आहेत का?" मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. हातात पांढऱ्या टॉवेलांची चळत, ती हनुवटीने कशीबशी दाबून धरलेली. त्याने वरचा टॉवेल ओढला आणि विचारलं ना सवरलं, सरळ तिच्या गिटारच्या पिशवीवरून फिरवला. मग तो उलटा करून उजेडात धरला.

"अहो! काय करताय?"

"नमुने आलेत. पाणी टिपतात का बघायचं होतं." त्याने नाक मुरडलं. "हा नापास." दुसरा काढला. "हाही काठावरच."

तिसऱ्या टॉवेलाने पिशवी कोरडी झाली. चौथा त्याने तिच्यापुढे धरला... जरा अवघडून. "हा केसांवर तपासायचा राहिलाय. तुम्ही मदत केलीत तर..."

तिला हसू आलं. "पास," ती केस पुसत म्हणाली. "आता मला सांगा, खरेदी विभाग कुठे आहे? माझा दर तिथे ठरवायचाय म्हणे."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "खरेदी विभाग म्हणजे मीच," तो म्हणाला.

खरेदी विभाग म्हणजे बिनखिडकीची एक खोली. फडताळात साबणाच्या वड्या, दिवे, पडद्यांचे तुकडे. या हॉटेलात टॉवेल जो विकत घ्यायचा, तोच संगीतही विकत घ्यायचा. फाइलवर लिहिलं होतं, 'सजावट : फुलं, मेणबत्त्या, संगीत'.

"म्हणजे मी फुलदाण्यांच्या रांगेत का?"

"फुलदाण्यांच्या वर. त्यांना मधली सुट्टी नसते." त्याने कागद पुढे ओढला. "शनिवार-रविवार, दुपारी चार ते सात, चहाच्या दालनात. एका दिवसाचे किती घेता?"

'आठ हजार' हा आकडा तिने टॅक्सीत चाळीस वेळा घोकला होता. "आठ हजार," ती म्हणाली. आवाज बरा लागला.

तो खाली वाकला आणि खण उघडला.

घड्याळ टकटक करत होतं. तिचा पाय खुर्चीखाली आपोआप हलायला लागला. "म्हणजे... सात," ती म्हणाली. खण खरखरला. "नियमित असेल तर सहाचंही बघता येईल..." त्याने दुसरा खण उघडला. "पाच! पाचाच्या खाली मात्र मला खरंच नाही परवडत हो!"

तो वर आला. हातात पेन होतं. "सापडलं एकदाचं. काय म्हणालात? पाच?"

बोलून बसली होती, आता गिळणार कसं? तिने मान डोलावली. त्याचं पेन कागदावर क्षणभर अडलं, त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, आणि मग लिहिलं, पाच हजार. तीन महिन्यांचा करार.

घरी ताई पोट धरधरून हसली. "समोरचा बिचारा पेन शोधत होता आणि तू उलटा लिलाव चालवलास! चुळबुळ कुठली!" चुळबुळ हे तिचं घरातलं नाव, पाळण्यात असल्यापासूनचं. हसून झाल्यावर ताईने डोळे पुसले. "पण ऐक. शाळेतली नोकरी सोडलीस तेव्हा काय ठरलं होतं? सहा महिने घर मी ओढणार, पुढे तुझं तू. त्यातले तीन या करारात जाणार. पाचात भागलं नाही तर गिटार कपाटावर आणि तू परत मुलांना सा रे ग म शिकवायला. तेव्हा मला बोल लावू नकोस."

ती बोल लावणार नव्हती. पण परत जायच्या विचाराने तिला रात्रभर डोळा लागला नाही.

शनिवार-रविवार सुरू झाले. दालनात मंद दिवे, कपबशांची किणकिण, आणि कोपऱ्यात ती. साडेपाचला तिची मधली सुट्टी. बरोबर साडेपाचला खरेदीसाहेब कपांची तपासणी करायला यायचे. सगळं हॉटेल त्याला खरेदीसाहेब म्हणायचं, म्हणून तीही म्हणायची. खांबाजवळच्या टेबलावर दोन कप चहा यायचा; एक तिचा आणि एक तपासणीचा.

"गेल्या आठवड्यात तपासले होते ना हे?" ती विचारायची.

"कपांचा भरवसा नाही. कधी तडा जाईल सांगता येत नाही."

"तडा जायला कुणी आपटावं लागतं."

"कधीकधी नुसतं गरम झालं तरी जातो," तो म्हणायचा आणि घाईघाईने चहात बघायचा.

नवव्या आठवड्यात त्याने एकदम सांगून टाकलं. "मी त्या दिवशी आठ ऐकलं होतं."

तिचा कप बशीवर आपटला. "मग पाच का लिहिलंत?"

"तुम्ही पाच म्हणालात म्हणून. कमी आकडा लिहायचाच पगार घेतो मी. पण..." त्याने कॉलर सैल केली. "पण तेव्हापासून मला चैन नाही. एक तास आधी येऊन तुम्ही तारा जुळवता, त्याचे धरलेत? टॅक्सीचे? रोजच्या सरावाचे? तो आमचा फुलवाला बघा. आकडा सांगतो, पाण्याचा घोट घेतो आणि ढिम्म बसून राहतो. शेवटी मलाच कसंनुसं होतं आणि मी हो म्हणतो. पुढचा करार करताना तुम्ही तसंच करा."

"तुमच्याशीच?"

"माझ्याशीच."

"म्हणजे चोरच कुलूप लावायला शिकवणार!"

"शिकवणी फुकट आहे," तो म्हणाला. "सांगा आकडा. मग मी मनात दहा मोजणार, तोवर तुम्ही ब्र काढायचा नाही. आणि नजर खाली नाही."

"नऊ हजार," ती म्हणाली. टेबलाखाली पाय सुरू झालाच. "पण टॅक्सीचे त्यातच धरले तरी—"

"गेलं! तीनसुद्धा मोजून झाले नव्हते."

दुसऱ्या दिवशी ती सहापर्यंत पोचली आणि फिसकन हसली. त्याच्या पुढच्या शनिवारी तिने ठरवलंच होतं. "दहा हजार," ती म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

एक... दोन... त्याच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस होता, तो तिने आजवर पाहिलाच नव्हता. चार... पाच... पलीकडे कुणीतरी चमचा पाडला. दोघांपैकी कुणीही वळलं नाही. सात... तिचा पाय कधी थांबला, तिला कळलं नाही. आठ... नऊ... आणि नजर त्याचीच खाली गेली.

"जमलं तुम्हाला," तो म्हणाला. कान लालभडक. "मला... मला ते कप..." आणि कपांना हातही न लावता तो निघून गेला.

तो आठवडा तिला खायला उठला. उजव्या हाताची नखं म्हणजे गिटारवाल्यांच्या पोटापाण्याचं साधन. तिने ती उगाच घासून घासून इतकी आखूड केली की तारा बोथट वाजायला लागल्या. भाजी चिरताना ताई म्हणाली, "तू बस पाहू एका जागी, माझं डोकं गरगरतंय." ती बसली आणि पुन्हा उठली. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून. यात शोधून काढण्यासारखं काही नव्हतंच.

शनिवारी तो आला नाही. रविवारीही नाही. पुढचा शनिवारही तसाच गेला, खांबाजवळचं टेबल रिकामं. करार संपायला आठवडा राहिला होता. शेवटी तिने रखवालदाराला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

"खरेदीसाहेब? आहेत की. पण त्यांनी संगीताची फाइल सोडली म्हणे. वर मॅनेजर मॅडमकडे गेली ती."

म्हणजे दहा ऐकून घाबरला? की तिच्या बघण्यातलं काही कळलं, म्हणून पळाला? नोकरी जाणार ती जाणारच, पण माणसाने समोर येऊन सांगू नये? त्या संध्याकाळी ती इतकी भराभर वाजवत गेली की सातला संपायचं ते पावणेसातलाच संपलं, आणि मग पाव तास काय वाजवलं ते तिलाही आठवेना.

सोमवारी सकाळी ती मॅनेजर मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मॅडम सह्या करता करता बोलायच्या आणि मान वर करायचा त्यांना कंटाळा.

"नवीन करार ना? बोला, किती?"

"बारा हजार." दहा म्हणायचं ठरलं होतं, रागाच्या भरात बारा निघाले. निघाले तर निघाले. तिने ओठ मिटले. एक... दो—

"ठीक," मॅडम म्हणाल्या.

दहापर्यंत मोजायची सगळी तयारी फुकट! चौदा म्हणायला हवे होते की काय, अशी एक हळहळ तिला चाटून गेली.

"टॅक्सी त्यातच," मॅडमनी पुढे जोडलं.

"टॅक्सी वेगळी," ती म्हणाली. आणि गप्प बसली. पेन थांबलं. मॅडमनी मान वर केली, तिला आपादमस्तक न्याहाळलं. चार... पाच... तिने नजर हलवली नाही. सात... आठ...

"बरं बाई, वेगळी!" मॅडमनी सही ठोकली.

खरं तर आनंदाने उडी मारायची वेळ होती. ती मात्र तिथेच घुटमळली. "खरेदीसाहेबांनी फाइल का सोडली? माझ्याबद्दल काही तक्रार होती का?"

"तक्रार?" मॅडमनी कागदांच्या ढिगातून एक कागद उपसला. "तुमच्याच फाइलमधला आहे, वाचा. अठरा वर्षं अर्ज वाचतेय मी, असला पहिलाच."

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं :

'विषय : संगीताची फाइल अन्य व्यक्तीकडे देण्याबाबत. महोदया, सदर कलाकाराबाबत माझे मत निःपक्षपाती राहिलेले नाही व ते पूर्ववत होण्याची चिन्हे दिसत नाहीत. सबब त्यांचा दर मी ठरवणे योग्य नाही. त्यांचा सध्याचा दर अन्यायाचा आहे; हे मत मी निःपक्षपाती असतानाचे समजावे, ही विनंती.'

तिने ते दोनदा वाचलं. गाल तापले. "मी हा कागद नेऊ का?" तिने विचारलं.

"प्रत काढून न्या. मूळ माझ्याकडे राहू दे," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या.

प्रतबित काढायला थांबतंय कोण! ती जिना उतरून तडक त्या बिनखिडकीच्या खोलीत शिरली. तो पडद्यांचे तुकडे मोजत होता. तिला बघून हातातले चार खाली पडले.

"निःपक्षपाती राहिलेले नाही?" ती कडाडली. "मॅडमना कळलं, फाइलला कळलं, तेवढी मीच राहिले! दोन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. वाटलं काम गेलं, आणि... आणि तुम्हीही गेलात. मला सांगायला तोंड नव्हतं?"

"होतं," तो हळू म्हणाला. "पण तुमचं काम माझ्या हातात होतं. तेव्हा मी काही विचारलं असतं, तर तुम्ही नाही कशा म्हणाला असतात? दर ठरवणाऱ्याला नाही म्हणायला माणूस शंभरदा कचरतो. आणि हो म्हणाला असतात, तर जन्मभर मलाच खात्री वाटली नसती." त्याने पडदे उचलले, पुन्हा ठेवले. "करार झाला ना?"

"बारा. टॅक्सी वेगळी."

"बारा!" तो कौतुकाने हसला आणि लगेच गंभीर झाला. "म्हणजे आता तुमचं इथलं काहीच माझ्यावर अवलंबून नाही. आता तुम्ही खुशाल नाही म्हणू शकता. शनिवारी याल, वाजवाल, मी वाटेत येणार नाही. तेव्हा आता विचारतो... मला तुम्ही—"

"हो," ती म्हणाली.

"अहो, वाक्य तरी पुरं होऊ द्या!"

"करा की पुरं. सावकाश करा. मला सगळं ऐकायचंय."

आणि तो बोलला. अडखळत, चुकत, मध्येच मागे जाऊन पुन्हा सांगत. पहिल्या दिवशी तिचे ओले केस बघून पेन खिशात असतानाही तो खणात कसा शोधत राहिला तेही त्याने कबूल करून टाकलं. ती साबणांच्या फडताळाला टेकून ऐकत होती. तिने मध्ये एक शब्द टाकला नाही, आणि किती तरी दिवसांनी तिला कुठेच जायची घाई नव्हती.