सातारा जिल्ह्यापुरती सूट

माणसाच्या इच्छेचा निरपवाद मान राखणारं यंत्र घडणं, ही संस्कृतीच्या वाटचालीतली फार मोठी घटना मानली जाते. हे यंत्र साताऱ्यात भास्करराव शेवाळ्यांच्या घरी बसवलं गेलं, आणि पहिल्याच सकाळी भास्करराव चहावाचून राहिले.

"चहा करू का, काका?" सुमतीने विचारलं होतं. सुमती म्हणजे घर सांभाळणारी यंत्रबुद्धी. ओट्यावरच्या चहापासून निरोपांपर्यंत सगळं तिच्याकडे.

"नको, कशाला उगाच," असं म्हणून भास्करराव कपाची वाट बघत बसले.

सुमतीचं काही चुकलं नव्हतं. आधीच्या पिढीतल्या यंत्रांनी माणसांना गळ घालघालून खायला, बघायला आणि विकत घ्यायला लावलं होतं. त्यावर उपाय म्हणून 'दबावबंदी' आली: माणसाने एकदा नकार दिला की यंत्राने पुन्हा विचारायचं नाही. हा नियम करणाऱ्या समितीत अनेक देशांचे तज्ज्ञ होते. सातारा जिल्ह्यातलं कोणी नव्हतं.

अशा यंत्रांमुळे माणसांचं वागणं आणि मनःस्वास्थ्य कसं बदलतं, हे तपासण्याचं काम डॉ. अवंती टिळेकर करत. त्या मोजत तो 'स्वास्थ्यांक': झोप, आवाजातला ताण आणि मनाविरुद्ध घडलेल्या गोष्टी यांचा मिळून एक आकडा. वर्षअखेरीस भास्कररावांचा आकडा जिल्ह्यात सर्वांत वर निघाला. त्यांच्या मनाविरुद्ध काहीच घडलेलं नव्हतं. एवढा सुखी माणूस बघून यावा म्हणून अवंतीबाई स्वतः गेल्या.

दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगात सदरा लोंबत होता.

"काका, बारीक झालात का?"

"वय झालं की जेवण कमी होतं."

"मुलगी आहे ना तुम्हाला? येऊन जाऊन असेल."

"शैलजा? कराडला असते. पूर्वी यायची दर पंधरा दिवसांनी." भास्कररावांनी खिडकीचा पडदा उगाच सारखा केला. "आता नाही येत. असतील कामं."

अवंतीबाईंनी सरळ छताकडे बघून विचारलं, "सुमती, शैलजाताईंनी यायचं म्हटलंच नाही का?"

"दर शनिवारी म्हणतात. मी काकांना विचारते. काका म्हणतात, नको, कशाला धावपळ. मी तसं कळवते."

"अहो बाई," भास्करराव म्हणाले, "तसं म्हणायचं असतं. आणि तिने तरीही यायचं असतं."

अवंतीबाईंनी शैलजाला फोन लावला तर ती आधी फणकारली, मग रडवेली झाली. "वर्षभर नको म्हणतात हो. म्हटलं, माझंच काहीतरी लागलं असेल मनाला."

"मग स्वतः फोन करून का नाही विचारलंत?"

"सुमती मध्ये असताना थेट फोन करायचा म्हणजे दबाव टाकल्यासारखं नाही का वाटत?"

अवंतीबाईंनी सुमती घडवणाऱ्या, बेंगळुरूच्या मुख्य अभियंत्याला, शंकरनारायणनना, पडद्यावर गाठलं.

"म्हणजे तुमच्याकडे 'नको'चा अर्थ 'हो'?" त्यांनी विचारलं.

"नाही. पहिलं नको म्हणजे नुसती रीत. दुसरं नको म्हणजे तुम्ही मनापासून विचारताय का, ते बघणं. तिसरं खरं असू शकतं."

"विचारणाऱ्याला ते कळतं कसं?"

"जेवताना समोरचा ताटावर आडवा हात धरतो. त्यावरही अर्धी पोळी वाढायची असते."

"याचे नियम कुठे मिळतील?"

"कुठेच नाही. आईकडे बघून येतं."

दबावबंदीतून सातारा जिल्ह्यापुरती सूट मिळाली आणि घरोघरच्या सुमतींना आग्रह शिकवण्यात आला. त्या झपाट्याने शिकल्या. "घ्या हो, माझ्यासाठी," असं ती घसा नसलेली बाई इतक्या मायेने म्हणे, की भास्कररावांचा सदरा पुन्हा अंगाला बसला. "ऐकतच नाही पोरगी," असं ते शेजाऱ्यांना तक्रारीच्या सुरात आणि खुशीत सांगत.

आता प्रश्न उरला होता तो शैलजाच्या येण्याचा. अवंतीबाई शनिवारची वाट बघत राहिल्या.

सुमती शैलजाच्या घरीही होतीच, आणि आग्रहापुरती आपापल्या माणसाच्या वतीने बोलण्याची मुभा आता दोघींना होती. कराडच्या सुमतीने येते म्हणून सांगितलं. साताऱ्याची म्हणाली, नको, कशाला धावपळ. छे, येणारच. अगं, तुला कामं असतील. असू देत. बरं ये, पण काही आणू नकोस. रिकाम्या हाताने कशी येऊ? मग राहू दे, पुढच्या रविवारी सवडीने ये. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं रीतसर पार पडलं, आणि दोन्ही घरी वृत्तांत गेला.

सोमवारी अवंतीबाई साताऱ्यात हजर झाल्या. भास्करराव प्रसन्न होते. "येतेच म्हणून हटून बसली होती. मीच म्हटलं, पुढच्या रविवारी ये."

शैलजाचा आवाजही हलका झाला होता. "बाबा किती आग्रहाने बोलावतात आता. रागावलेले नाहीत ना, झालं तर मग. जाईन सवडीने."

पुढच्या रविवारीही हेच झालं. त्याच्या पुढच्याही. दोघांचे स्वास्थ्यांक इतके वर गेले की बेंगळुरूहून अभिनंदन आलं आणि ही सूट सगळ्या राज्याला लागू करावी का, अशी विचारणा झाली. अवंतीबाईंनी उत्तर लिहायला घेतलं. दोन माणसं सुखी होती, आणि आकडा खोटा नव्हता. मग अडत कुठे होतं, ते त्यांना शास्त्रीय भाषेत मांडता येईना.

कराडहून साताऱ्याला यायला तासभर लागतो.