निळ्या काचेपलीकडे

बाबांच्या वरच्या खिशात निळी काच.

सोमवारी सकाळी नऊला ऑपरेशन. डावा डोळा. उपाशीपोटी यायचं, असा दवाखान्याचा निरोप.

डोंगराकडे निघालेल्या भाड्याच्या गाडीत डिझेलचा वास.

भिलाईत, सेक्टर सहामध्ये, आभाळ पूर्ण काळं होत नाही. पोलादाच्या प्लांटमध्ये स्लॅग, म्हणजे भट्टीतला तापलेला मळ, ओतला की ते नारिंगी होतं.

"ऑपरेशन बिघडलं तं? एकदा तारे पाहू दे मले," असं बाबा म्हणाले. म्हणून शनिवारी मी त्यांना दल्लीराजहराच्या पुढच्या डोंगरावर, वेधशाळेत नेलं.

घुमटात ग्रीसचा वास होता. दुर्बीण दाखवणारा सुशील म्हणाला, "काकाजी, एक आँख बंद करो. आराम से."

"बाबू, चौतीस वर्षं भट्टीत डोकावलो मी. मले नको शिकवू."

बाबांनी डावा डोळा तळव्याने झाकला. उजवा दुर्बिणीला लावला.

"तांबडा आहे. कच्चा. सोळाशे डिग्रीबी नसन."

"तीन हज़ार के ऊपर है, काकाजी," सुशील हसला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातली काच काढून उजव्या डोळ्यापुढे, दुर्बिणीवर धरली. भट्टीतला पोलादाचा रस तयार झाला का, हे त्या काचेतून पाहतात.

"उन्नती, तिकडून कोणी पाहून राहिलं."

"कोण?"

"चेहरा नाही दिसत. हातात काच आहे. निळी."

मी पाहिलं. तांबूस ठिपका. स्थिर.

"काय करून राहिला तो, बाबा?"

"मी करायचो तेच. झालं का तयार, ते पाहून राहिला."

सुशीलने दुर्बीण दुसऱ्या ताऱ्यावर नेली. बाबांनी पुन्हा डावा डोळा झाकला.

"इथंबी आहे."

तिसऱ्या ताऱ्यावर.

"इथंबी. हात वर केला त्यानं."

"म्हणजे?"

"तयार झालं. फोडा भट्टी, सोडा रस."

सुशीलने घुमट बंद केला.

घाट उतरल्यावर बाबा म्हणाले, "सोमवारी जायचं नाही."

"कावून?"

"डावा गेला तं मले तेवढंच दिसन, तो काचवाला."

"असं काय करता? उजवा धडधाकट आहे ना तुमचा!"

त्यांनी काच पुसून परत खिशात ठेवली.

शुक्रवारी बाबा तपासायला एकटेच गेले होते. तो कागद मी घरी पोचल्यावर वाचला. डॉक्टरांनी लिहिलं होतं: उजवा डोळा, सहा वर्षांपासून प्रकाशाचीही जाणीव नाही.