दापोड्यावरची उतरण

भिवंडीजवळच्या कोन गावाच्या पुढे, खाडीच्या काठाला, एका फ्लाइंग क्लबची धावपट्टी आहे. शिकाऊ वैमानिकांची छोटी, एका पंख्याची विमानं तिथून उडतात. दुमजली इमारतीवरची काचेची खोली म्हणजे तिथला टॉवर, आणि त्या टॉवरवर सुधीर गद्रे कंट्रोलर होता. मोठ्या विमानतळावर बरीच वर्षं काढून, रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून तो आपल्या भिवंडीत परतला होता.

इथलं काम त्यामानानं सोपं होतं. विमानं अंबाडीकडच्या डोंगरांपर्यंत सरावाला जात, भिवंडीला पश्चिमेकडून वळसा घालत आणि दापोड्याच्या गोदामांवरून सरळ धावपट्टीला येत. दापोडं ओलांडेपर्यंत दोन हजार फुटांच्या खाली यायचं नाही, असा क्लबचा जुना नियम होता. तो कुणी केला आणि कशासाठी, हे कुणालाच सांगता येत नसे. दापोड्याला सगळंच सपाट. नजर जाईल तिथवर निळे-पांढरे पत्रे आणि मध्ये अडकून पडलेले कंटेनर.

त्या डिसेंबरात वैमानिक एकच तक्रार घेऊन येऊ लागले. दापोड्यावर आलं की विमानातलं धोक्याचं यंत्र ओरडायला लागतं, पुढे जमीन आहे, वर जा.

"सर, मशीन ट्रॅफिकला घाबरत असेल," प्रशिक्षक हितेश म्हात्रे हसत म्हणाला. "दापोडं म्हटलं की मलाही धडकी भरते."

यंत्रातला नकाशा जुना असणार, हे सुधीरनं ताडलं. त्यानं तो बदलून घेतला. एक-दोन दिवस शांततेत गेले आणि यंत्र पुन्हा ओरडलं. नवा नकाशाही कुणीतरी जुन्यावरूनच उतरवला असेल, असं म्हणून त्यानं विषय सोडून दिला. तो रोज दापोड्यावरून गाडी घेऊन येई. जे डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी त्याला नकाशाची गरज नव्हती.

ज्या दुपारी हे घडलं, त्या दुपारी सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर खाली बसला होता. धावपट्टीचं पलीकडचं टोक पुसट होत चाललं होतं. दुरुस्तीनंतर पारखायला काढलेली दोन विमानं हवेत होती. पुढच्यात क्लबचीच वैमानिक अदिती वैद्य, मागच्यात हितेश, दोघंही एकेकटे. धुरकं आणखी दाटायच्या आत त्यांना उतरवायला हवं होतं. दोन हजारांवरून उतरायचं तर आणखी एक फेरी मारावी लागली असती, आणि तेवढ्यात धावपट्टी दिसेनाशी झाली असती. सुधीरनं मनाशी हिशेब केला, नियम बाजूला ठेवला आणि दोघांनाही आठशे फुटांवर यायला सांगितलं.

दोघांनी होकार दिला. रडारच्या स्क्रीनवरचे ठिपके एकामागून एक खाली येऊ लागले.

रेडिओवर इंग्रजीतच बोलायचा शिरस्ता. त्यामुळे अदितीचा आवाज मराठीत आला, तेव्हाच सुधीर खुर्चीत ताठ झाला.

"सर, समोर डोंगर आहे."

तिचा ठिपका दापोड्याच्या अलीकडे होता. अगदी जिथे हवा तिथे.

"तिथे डोंगर नाहीये, अदिती. धूर असेल."

"झाडं दिसताहेत सर. पायवाट आहे." तिच्या आवाजामागे यंत्र ओरडत होतं. "पायवाटेवर एक बाई उभी आहे. डोक्यावर मोळी. माझ्याकडे बघतेय."

"अदिती—"

"सर, ती माझ्याकडे वरून बघतेय."

"वर घे!" सुधीर ओरडला. "लगेच वर घे!"

इंजिनाचा आवाज चढला. मग नुसताच तिचा श्वास.

"आले वर," ती म्हणाली. "गेला खालून."

सुधीरनं दुसऱ्या ठिपक्याकडे पाहिलं.

"हितेश, दोन हजारांवर जा. आत्ता."

"का सर? इथे धूर विरलाय. एकदम स्वच्छ दिसतंय, पत्रे चमकताहेत."

"वाद घालू नकोस. समोर..." तो शब्द सुधीरच्या तोंडून निघेना. रोजचा रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर होता. "समोर डोंगर आहे, हितेश."

हितेश हसला. "दापोड्याला?"

हसू अर्ध्यावर तुटलं.

विमान पडलं की ठिपका विझतो. हा विझला नाही. तो जागच्या जागी थांबला. बाजूचा उंचीचा आकडा आठशे फूटच दाखवत राहिला.

सुधीरनं हाका मारल्या. मग अग्निशमनला फोन केला. अदिती कशीबशी उतरली, धावपट्टी बंद झाली आणि दोघं क्लबच्या जीपमधून निघाले. निघताना त्यानं स्क्रीनकडे वळून पाहिलं. आठशे फूट.

दापोड्यात हमाल आणि ड्रायव्हरांची गर्दी जमली होती. "आवाज ही नहीं हुआ, साहब," एकजण सुधीरला सांगू लागला. "कुछ गिरा ही नहीं. ऊपर देखा तो पड़ा था."

शेजारच्या गोदामाच्या लोखंडी जिन्यावरून पलीकडचं छप्पर दिसत होतं. अग्निशमनच्या जवानांनी तिथून शिडी आडवी टाकायला घेतली होती. विमान छपराच्या मधोमध पडलं होतं. नाक चेपून आत गेलेलं, एक पंख अंगाखाली मुडपलेला. जिन्यावर सत्तरीचे एक गृहस्थ कठडा धरून उभे होते. जागेचे मालक, केसरीनाथ भोईर.

"पत्रा बगा," ते सुधीरला म्हणाले. "मानूस चालला तरी दबतो यो."

पत्र्याला कुठे पोचासुद्धा आला नव्हता.

अदिती त्यांच्याजवळ गेली. "काका, इथे कधी डोंगर होता?"

केसरीनाथांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "व्हता. मीच फोडाया दिला. या समद्या गोदामांखाली त्याचाच भराव हाय." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुला कुनी सांगलं?"

तेवढ्यात विमानाचं दार हललं.

हितेश बाहेर आला. कपाळावरून रक्त येत होतं, पण तो आपल्या पायांवर उभा होता. सुधीर कठड्यावरून पुढे वाकला. "हितेश! इकडे! इकडे ये!"

हितेशनं ऐकलं. तो त्यांच्या दिशेनं निघाला.

पण तो सरळ चालत नव्हता. अंग मागे रेलून, पाऊल आडवं टाकून, टाच रोवून येत होता. मधूनच बाजूला हात घालून काहीतरी घट्ट धरी, भार पेलतोय का ते पाही, मगच पुढचं पाऊल टाकी. पत्रा एकदाही वाजला नाही.

जवान शिडी हातात धरून तसेच उभे राहिले.

केसरीनाथ कठड्यापाशी पुढे झाले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "डावीकडं नको जाव, पोरा! तथं कडा हाय!"

सपाट पत्र्यावर हितेश थबकला. त्यानं डावीकडे वाकून खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हळूच एक पाऊल मागे घेतलं.